पुलाखाली गाडी अडकू नये म्हणून, आणि अडकलीच तर: मोजमापापासून पंचनाम्यापर्यंत

हा लेख ट्रकमालक, ड्रायव्हर, जिनिंगचे सुपरवायझर, कुटार-तणसाचे (भुसा-पेंढ्याचे) व्यापारी आणि ज्यांच्या गावाच्या तोंडाशी रेल्वेचा बुटका बोगदा आहे अशा सगळ्यांसाठी आहे. कापसाचा हंगाम सुरू झाला की अशा बोगद्यांत गाड्या अडकू लागतात, आणि दर वेळी त्याच दोन चुका होतात. गाडी भरताना कोणी टेप लावत नाही. अडकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ॲक्सिलेटर दाबतो नाहीतर जेसीबी बोलावतो. दोष कोणाचा, यावरची भांडणं त्यानंतर सुरू होतात, आणि तोवर पुरावा पुसला गेलेला असतो.

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून टप्पे उलटसुलट करू नका.

## १. गाडी भरण्याआधी: वाटेतले पूल माहीत करून घ्या

ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंग जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली. फाटकवालीही एकेक करून बंद होत आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या जागी मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग आले आहेत. बडनेरा–वर्धा–नागपूर असो, वर्धा–बल्लारशा असो की गोंदिया–चांदाफोर्ट, रुळांखालून जाणारे हे काँक्रीटचे चौकोनी बोगदे बैलगाडी, ट्रॅक्टर, मेटॅडोर एवढ्यांसाठीच बांधलेले असतात. कितीतरी ठिकाणी उंची ३.६ मीटरच्या आसपास मिळते. जुन्या फाटकावरून ज्या वाटेने दहाचाकी जायची, त्याच वाटेने ती आता जाईल हे गृहीत धरणं ही पहिली चूक.

समृद्धी महामार्ग आणि चौपदरी राष्ट्रीय महामार्ग यांच्याखालून जाणाऱ्या गावरस्त्यांचंही तेच. मोठ्या वाहनांसाठीचा अंडरपास साडेपाच मीटरचा असतो, पण शेजारच्याच गावाला मिळालेला लहान वाहनांचा अंडरपास त्याहून बराच बुटका असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला गाडीची उंची विचारत नाही. तो जवळचा रस्ता दाखवतो, आणि जवळचा रस्ता बहुधा बोगद्यातूनच जातो. म्हणून माल उचलण्याआधी गावातल्या दूधगाडीवाल्याला किंवा ट्रॅक्टरवाल्याला फोन करा. प्रश्न नीट विचारा. "ट्रक जाते का?" असं विचारलं की "जाते ना भाऊ" हेच उत्तर येतं, कारण त्याच्या डोळ्यासमोर रिकामी सहाचाकी असते. "पाटीवर किती मीटर लिहिलं आहे, आणि मागच्या पावसाळ्यानंतर रस्त्यावर डांबर पडलं का?" असं विचारा.

तपासा: जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वाटा पाहिल्या का? परतीची वाट वेगळी असेल तर तिच्यावरचे पूल वेगळे असतात.

## २. पाटी वाचा, पण पाटीवर थांबू नका

उंचीची मर्यादा सांगणारी पाटी गोल, लाल कडेची असते. आकड्याच्या वर आणि खाली एकेक काळा त्रिकोण असतो. आकडा मीटरमध्ये असतो आणि आपले ड्रायव्हर फुटांत बोलतात. इथेच घोळ होतो. हे चार आकडे कॅबिनमध्ये चिकटवून ठेवा:

- ३.५ मीटर म्हणजे ११ फूट ५ इंच
- ३.६ मीटर म्हणजे ११ फूट ९ इंच
- ४ मीटर म्हणजे १३ फूट १ इंच
- ४.५ मीटर म्हणजे १४ फूट ९ इंच

मुद्दाम खालच्या इंचावर आणून दिले आहेत. ३.६ ला "बारा फूट" म्हणणारा ड्रायव्हर दोन इंचांनी अडकतो, आणि अडकायला दोन इंच पुरतात.

पाटी बरोबर असूनही उंची कमी भरण्याची कारणं अशी. रस्त्यावर नवा डांबराचा थर पडतो आणि पाटी जुनीच राहते. पावसाळ्यात बोगद्यात पाणी साचतं, ते ओसरल्यावर काळ्या मातीचा गाळ खाली बसतो, त्यावर कोणीतरी मुरूम टाकतो आणि रस्ता पाच-सहा इंच वर येतो. रस्ता एका बाजूला कलता असेल तर गाडीचा वरचा कोपरा तुळईकडे झुकतो. दगडी कमानीचा जुना पूल असेल तर पूर्ण उंची फक्त मधोमध मिळते, आणि समोरून मोटारसायकल आली म्हणून डावीकडे घेतलं की वरचा कोपरा लागलाच.

लांब ट्रेलरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. भुयारी मार्गात रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढतो. पुढची चाकं चढावर पोचलेली आणि मागची अजून उतारावर असली की मधला भाग खोलगटाच्या वर टांगल्यासारखा राहतो. सपाट जमिनीवर मोजलेल्या उंचीपेक्षा तो तुळईच्या काही इंच जवळ जातो. सहाचाकी निघाली त्या बोगद्यात तेवढ्याच उंचीचा ट्रेलर का अडकला, याचं उत्तर बहुधा हेच असतं.

नव्या वाटेवर पहिल्यांदा जात असाल तर पूल स्वतः मोजा. दोन्ही तोंडांशी, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना व मधे. सगळ्यांत कमी भरेल तो आकडा खरा धरा.

सावधान: मोजणं फक्त काँक्रीटच्या बोगद्यात किंवा दगडी पुलाखाली करा. रेल्वे फाटकावर, जिथे वर विजेची तार आहे तिथे, टेप, सळई, बांबू काहीही वर नेऊ नका. त्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तिला शिवायचीही गरज नसते. तिच्यापासून माणूस आणि माल दोन्ही किमान २ मीटर लांब असले पाहिजेत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभी केलेली आडव्या दांडीची लोखंडी चौकट याचसाठी असते. तिच्याखालून जात नसाल तर फाटकही तुमच्यासाठी नाही.

## ३. गाडी मोजा, तीही भरल्यावर

आरसी बुकातली उंची गाडीची असते, मालाची नसते. मोजायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म उत्तम. मालाच्या सगळ्यांत उंच जागी एक सरळ बांबू आडवा ठेवा, असा की टोक डाल्याच्या (ट्रकच्या मागच्या बॉडीच्या) बाहेर येईल. टोकापासून जमिनीपर्यंत टेप सरळ सोडा. मग कॅबिनवरचा हूड, हुडावर बांधलेली ताडपत्रीची गुंडाळी, वर टाकलेलं स्टेपनी टायर, हॉर्न हेही मोजा. अडकणारी वस्तू पुष्कळदा माल नसतेच. ती क्लीनरने हुडावर बांधलेली ताडपत्री असते.

एक हिशेब पाहा. डाल्याचा तळ जमिनीपासून साडेचार फूट, वर साडेआठ फुटांची थप्पी. झाले १३ फूट, म्हणजे ३.९६ मीटर. मालवाहू गाडीला २०२० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मोटार वाहन नियम ९३ खाली ४ मीटरपर्यंत उंची चालते (आधी ती ३.८ होती, कंटेनरच्या ट्रेलरला वेगळी सूट आहे). म्हणजे ही गाडी कायद्यात बसते आणि ३.६ च्या बोगद्यात एक फुटाहून जास्त अडकते. कायद्यात बसणं आणि पुलाखालून निघणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. "आरटीओने सोडलं, मग पुलाने का नाही" हा वाद घालणारे भेटतात. वाद घालू द्या, तुम्ही मोजा.

मोजलेल्या उंचीत अर्धा फूट मिळवा. खड्ड्यात पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) उसळतात, दोरी ढिली होते, ताडपत्री वाऱ्याने फुगते. मिळवून जो आकडा येईल तो पुलाच्या सगळ्यांत कमी आकड्याहून कमी असेल तरच त्या वाटेने जा.

आता बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट. रिकामी गाडी भरलेल्यापेक्षा उंच असते. कोळसा किंवा सिमेंट भरलेलं असताना पाटे दबतात, टायर बसतात. माल उतरला की गाडी वर येते. उंच बॉडीची गाडी जाताना घासत निघाली आणि येताना अडकली, असं होतं ते यामुळे. टिपरवाल्यांनी तर परतीला निघताना डाला पूर्ण खाली बसला आहे हे उतरून डोळ्यांनी पाहावं. कॅबिनमधल्या दिव्यावर विश्वास ठेवू नये.

तपासा: उंचीचा आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव बिल्टीवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) लिहिलं का? टेप लावलेला फोटो काढला का? पुढे जबाबदारीचा प्रश्न आला की हा एक फोटो वकिलाच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कामाला येतो.

## ४. भरणं आणि बांधणं

मालागणिक थोडा फरक आहे. दाबलेल्या गाठी बसत नाहीत. जिनिंगच्या आवारात जी उंची भरली तीच शेवटपर्यंत राहते, त्यामुळे वरचा एक थर कमी करणं हाच उपाय. मोकळा कापूस प्रवासात दबतो, पण दबेल म्हणून आधी उंच भरू नका, बोगदा गावाबाहेर एका किलोमीटरवर असतो. सोयाबीन-तुरीचं कुटार आणि भंडारा-गोंदियाकडचं तणीस सगळ्यांत वाईट. बाजूला आणि वर दोन्हीकडे फुगतं, वजन काही नसतं, म्हणून व्यापारी म्हणतो, "अजून दोन पेंढ्या टाका." वजन कमी आहे म्हणून उंची माफ होत नाही.

हार्वेस्टर ट्रेलरवर चढवला की उंचीचं सगळं गणित नव्याने करावं लागतं. मळणीनंतर धान्य ओतण्याची नळी आणि वरचं छत्र काढून बांधा. मर्यादेबाहेरचा माल असेल, जसा मोठा ट्रान्सफॉर्मर किंवा कारखान्याचं यंत्र, तर आधी परवानगी आणि वाटेचा सर्व्हे. विजेच्या तारेखालून न्यायचा असेल तर रेल्वेचीही लेखी परवानगी. हे काम फोनवर होत नाही.

निघाल्यावर पहिल्या चहाच्या थांब्याला दोऱ्या पुन्हा आवळा.

## ५. पुलाच्या तोंडाशी

पाटी दिसली की शंका असो वा नसो, थांबा. क्लीनरला खाली उतरवा. त्याने पुलाच्या आत, एका बाजूला उभं राहून मालाचा माथा आणि तुळई यांच्यातली फट पाहायची, आणि ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर न दाबता, ब्रेकवर गाडी सरकवायची. क्लीनर नसेल तर गावातला कोणी घ्या. एकट्याने करू नका.

बोगद्यात पाणी असेल तर आत जाऊ नका. पाण्याखालचा रस्ता, गाळ, खड्डा काहीच दिसत नाही, आणि मधे इंजिन बंद पडलं तर उंचीचा प्रश्न दुय्यम होतो.

परत फिरणं जमणार नाही म्हणून पुढे घुसणं हे सगळ्यांत महागडं कारण आहे. मागे दहा गाड्या लागल्या असतील, हॉर्न वाजत असतील. वाजू द्या. मागच्या गाड्यांना हटवायला अर्धा तास लागतो, अडकलेली गाडी काढायला दिवस जातो.

## ६. अडकली: पहिली पंधरा मिनिटं

पहिला खर्रकन आवाज आला की ब्रेक. पुढे रेटू नका, लगेच रिव्हर्सही टाकू नका. हँडब्रेक, इंजिन बंद, चारही इंडिकेटर चालू. सगळे खाली. मालावर कोणी चढणार नाही, विशेषतः वर रेल्वेची तार असेल तर.

त्रिकोण किंवा झाडाच्या फांद्या बोगद्याच्या दोन्ही तोंडांपासून बऱ्याच आधी ठेवा. रात्री पलीकडून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात उभा ट्रक दिसत नाही. अडकलेल्या गाडीपेक्षा तिला मागून धडकण्यात माणसं जास्त मरतात असं माझं मत आहे, आणि म्हणून हा टप्पा फोनच्याही आधी.

मग फोन. पोलिसांसाठी ११२. वर रूळ असेल तर रेल्वेचा १३९, किंवा जवळच्या स्टेशनचा मास्तर. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. रेल्वेला नेमकं ठिकाण लागतं. पुलावर रंगवलेला पूल क्रमांक आणि किलोमीटर वाचून सांगा. तो दिसत नसेल तर वरच्या विजेच्या खांबावरचा किलोमीटर-क्रमांक सांगा. "अमुक गावाजवळचा बोगदा" एवढ्यावर त्यांना शोधत बसावं लागतं. काय लागलं ते स्पष्ट सांगा: बोगद्याआधीची लोखंडी चौकट, काँक्रीट, की लोखंडी गर्डर. गर्डरला दणका बसला असेल तर रूळ सरकले का हे बघितल्याशिवाय वरून गाडी जाऊ देणं धोक्याचं, आणि तो निर्णय त्यांचा. म्हणून वर लोखंडी पूल असेल तर त्यांना कळवण्याआधी ट्रक हलवू नका.

सावधान: "रेल्वेला सांगितलं तर केस होईल, गपचूप काढू" हा सल्ला देणारा कोणीतरी गर्दीत असतोच. रेल्वे कायदा १९८९ खाली रेल्वे सुरक्षा दलाची कारवाई होऊ शकते हे खरं आहे. पण न कळवता पळालात आणि वर काही झालं, तर ते प्रकरण दंडावर मिटणारं नसतं.

हलवण्याआधी फोटो: पाटी (किंवा पाटी नसलेली जागा), नंबर प्लेटसह गाडी, अडकलेला कोपरा जवळून, रस्त्यावरचा नवा थर किंवा गाळ, आणि टेप लावून पुलाची प्रत्यक्ष उंची. पुलापासून मागे दोनशे-तीनशे मीटर चालत जाऊन रस्त्याचाही व्हिडिओ घ्या, आधी इशारा होता की नव्हता हे त्यात दिसतं.

## ७. गाडी काढण्याचा क्रम

आधी ठरवा, अडकलं काय? दोन शक्यता आहेत आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत.

वरचा माल अडकला असेल तर दोऱ्या मागच्या बाजूने सोडा, मागून सुरुवात करून वरचा थर उतरवा. हमालांनी तुळईखाली डोकं घालू नये.

हूड, कॅबिन किंवा कंटेनरचं छत अडकलं असेल तर माल उतरवू नका. वजन कमी झालं की पाटे उसळतात आणि गाडी वरच्या बाजूला आणखी घट्ट बसते. गर्दीतला सगळ्यांत सामान्य सल्ला "खाली करा गाडी" हा असतो आणि इथे तो चुकीचा असतो.

दुसऱ्या प्रकारात हवा कमी करायची. जिथे अडकलं त्याच्या जवळच्या धुऱ्यापासून (ॲक्सलपासून) सुरुवात करा, दोन्ही बाजूंची सारखी. निम्म्यापर्यंत आणा, पूर्ण काढू नका. पूर्ण बसलेल्या टायरवर भरलेली गाडी हलली की रिम टायर चिरते, ट्यूबचा वॉल्व तुटतो, आणि मग गाडी बोगद्यातच पंक्चर. हवा कमी करून दीड-दोन इंच मिळाले तरी बहुधा पुरे होतात.

नंतर आलेल्या दिशेनेच मागे या. पुढे सुटायला दोनच फूट उरले असले तरी मागे. पुढची तुळई मागच्यापेक्षा उंच आहे याची खात्री तुमच्याकडे नसते. क्लीनर एका बाजूला, दुसरा माणूस दुसऱ्या बाजूला, हाताच्या खुणेवर इंच इंच. बाहेर आल्यावर सपाट जागेपर्यंतच चालवा आणि आधी हवा भरा.

एवढ्याने सुटत नसेल तरच क्रेन. जेसीबीने ओढायचं असेल तर साखळी बंपरला किंवा डाल्याला बांधू नका, चेसिसच्या मागच्या हुकाला, सरळ रेषेत. झटका देऊन ओढू नका. ताणलेल्या साखळीच्या रेषेत आणि तिच्या लांबीइतक्या अंतरात कोणी उभं राहणार नाही, व्हिडिओ काढणाऱ्या पोरांनाही हाकला. गॅसकटर शेवटचा उपाय, आणि कापूस, कुटार, तणीस भरलेल्या गाडीजवळ तो नकोच.

तपासा: गाडी निघाल्यावर तुळईचा किंवा काँक्रीटचा तुकडा लोंबत नाही ना? असेल तर रस्ता बंद ठेवून पोलीस येईपर्यंत थांबा.

## ८. कागद त्याच दिवशी

दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरने पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं असतं, आणि विमा कंपनीलाही. पंचनाम्यात दोन आकडे लिहायला लावा: गाडीची मोजलेली उंची आणि पुलाची मोजलेली उंची. "ट्रक पुलाखाली अडकल्याचे दिसून आले" एवढं वाक्य कोणाच्याच उपयोगाचं नसतं. सही करण्याआधी वाचा.

विमा पॉलिसीत तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा किती आहे ते बघा. पुलाची दुरुस्ती त्यावर गेली तर उरलेली रक्कम मालकाच्या अंगावर येते.

माल खराब झाला असेल तर शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने ट्रान्सपोर्टवाल्याच्या तोंडी आश्वासनावर थांबू नये. रस्तेमार्गे मालवाहतूक कायदा २००७ प्रमाणे वाहतूकदारावर दावा लावायचा तर माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जावी लागते. हंगाम संपेपर्यंत वाट बघता बघता ही मुदत निघून जाते.

## ९. जबाबदार कोण?

चौकात याचं उत्तर एका शब्दात मिळतं: ड्रायव्हर. कागदावर ते तसं नसतं.

पाटी होती, बरोबर होती आणि तरी गाडी घातली, तर पहिली जबाबदारी ड्रायव्हरची, यात फारसा वाद नाही. पण उंचीबाहेर माल भरल्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १९४(१अ) फक्त चालवणाऱ्यावर लागत नाही. गाडी तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा यांनाही ते धरतं. दंड २०,००० रुपये, शिवाय जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च. म्हणजे "मी तर घरी होतो" म्हणणारा मालक सुटत नाही, आणि "भर अजून" म्हणणारा गोदामवालाही या शब्दांत सापडू शकतो. ड्रायव्हरांनो, उंच भरायला सांगितलं तर तसा निरोप व्हॉट्सॲपवर घ्या.

पाटी नव्हती, चुकीची होती किंवा डांबर पडून उंची घटली होती, तर बोट रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे वळतं. तो कोण हे आधी शोधा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हामार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, गावरस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, समृद्धी रस्ते विकास महामंडळाकडे, बोगद्याचा सांगाडा आणि त्याआधीची लोखंडी चौकट रेल्वेकडे. एकाच बोगद्यात वरचं छत रेल्वेचं आणि खालचं डांबर जिल्हा परिषदेचं असतं, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पत्र दोघांनाही द्या, एकाच तारखेचं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये रस्ता निकषांप्रमाणे न बांधणाऱ्या वा न राखणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो मृत्यू किंवा अपंगत्व आलं तरच. फक्त हूड फाटला तर हे कलम कामाचं नाही. मालमत्तेच्या भरपाईसाठी वेगळा दावा लावावा लागतो, आणि तिथे तुमची अर्धा फूट मिळवून केलेली मोजणी आणि फोटो विचारले जातात. पाटी नसली तरी डोळ्यासमोर दिसणाऱ्या पुलाखाली न थांबता घुसणाऱ्याचं म्हणणं कमकुवतच पडतं.

गावकऱ्यांनी अपघाताची वाट बघू नये. ग्रामपंचायतीच्या ठरावासह अर्ज द्या: प्रत्यक्ष उंची मोजून पाटी लावा, आणि एक पाटी बोगद्यापाशी नको, मुख्य रस्त्यावरून जिथे वळण घेतात तिथे हवी, म्हणजे ट्रकला परत फिरायला जागा असते. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीनच गोष्टी मागा: बोगद्याची मंजूर उंची, शेवटचा डांबराचा थर कधी टाकला, आणि त्यानंतर उंची कोणी, कोणत्या तारखेला मोजली. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.